मीठपाणी

हातमोजे, साडेसहा नंबर. सात नंबरचे बोटांच्या टोकाशी फुगतात.

*

तीन चाकांची खुर्ची. चौथं चाक होतं तेव्हाही ती डावीकडेच कलायची.

*

"आपला कोणी नातेवाईक या विभागात नोकरीस आहे काय? होय / नाही. (खूण करावी.)"

*

गोगलगाय ओरडत नाही. तिला ओरडायला काही दिलेलंच नाही. फार डिवचलं तर जांभळी शाई सोडते. ती हाताला लागली की तीन दिवस जात नाही.

*

"तुझ्या पदरात टाकलीय पोर. माझ्यापेक्षा तुझ्याजवळ बरी राहील." फोनवर, बहीण.

*

जीभ आवळणारा स्नायू: लांबी दीड सेंटिमीटर, रंग फिकट तांबूस. नस तुटलेली असल्यास फेकून द्यावा.

*

हे सगळं एकाच खोलीतलं आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या. लांब टेबल, दोन सूक्ष्मदर्शक, थंड पाण्यात बसवलेली काचेची छोटी कुंडी, आणि कागदाच्या पट्टीवर रेघ ओढणारं पेनाचं मशीन. खोली कागदोपत्री मोठ्या सरांची. पण कागदोपत्री काय, उद्या चंद्रही कुणाच्या नावावर होईल. खोली बाईची होती. बावीस वर्षं ती तिथं समुद्रातल्या गोगलगायी कापत होती. बिनशंखाच्या, तळहाताएवढ्या, ओल्या चामड्यासारख्या. नस स्नायूला काय सांगते आणि कोणत्या रसायनाच्या भाषेत सांगते, याचा सर अभ्यास करत. म्हणजे बाई कापायची आणि सर अभ्यास करायचे.

काम असं. गोगलगायीला झोपेची सुई टोचायची. दहा मिनिटांत तिचा लोळागोळा होतो. मेणाच्या ताटलीत टाचण्या मारून तिला पसरायची, चीर द्यायची, तोंडाचा गोळा उचलायचा आणि त्यातून जीभ आवळणारा चिमुकला स्नायू सोडवायचा, नस न तोडता. नस म्हणजे केस. केसाचं एक टोक स्नायूत, दुसरं बाईच्या चिमट्यात. मग स्नायूला रेशमाचा दोरा, दोऱ्याचं टोक मशीनला. नसेला विजेचा हलका झटका दिला की तिच्या टोकातून रसायन सुटतं, स्नायू आवळतो, पेन वर उडतं. पेन उडालं की सर म्हणत, "आज आपलं छान झालं." नाही उडालं की म्हणत, "आज तुमचं काय बिनसलं?"

नस अखंड काढणारं माणूस त्या इमारतीत एकच. बाहेरगावचे लोक येत, विचारत, "बाई कुठं बसतात?" आणि कुणीतरी त्या तीनचाकी खुर्चीकडे बोट करायचं. बाईला घर होतं, बहीण होती, दुखरा गुडघा होता. पण ती होती त्या खुर्चीत. बाकी ठिकाणी नुसती जाऊन-येऊन असायची.

*

भाची आली.

सख्ख्या धाकट्या बहिणीची मुलगी. हुशार, सडसडीत, समोरच्याचं वाक्य त्याच्याआधी संपवणारी. पीएचडीला जागा मिळाली ती नेमकी इथं. राहायला मावशीच्याच मागच्या खोलीत. फॉर्मवरचा तो प्रश्न बाईनंच मोठ्यानं वाचला होता आणि वर सांगितलं होतं, "'नाही'वर खूण कर. एका विभागात नात्यातलं माणूस चालत नाही त्यांना. आपण काय गळ्यात पाटी अडकवून फिरणार आहोत?"

पहिल्या दिवशी भाची खोलीत शिरली आणि सवयीनं म्हणाली, "मावशी!"

सरांनी भुवई उचलली. "ओळख आहे का तुमची?"

भाची हसली. "नाही हो सर. अशा बायकांना मी मावशीच म्हणते."

अशा बायकांना.

'नाही' लिहायला बाईनंच सांगितलं होतं, कबूल. पण लिहिणं वेगळं आणि हसणं वेगळं. दारात टाकीवाला उभा होता, गोगलगायींच्या टाक्या सांभाळणारा, हाताचा चोख आणि तोंडाचा सैल. तो त्याच दुपारी जिन्यातून ओरडला, "ओ मावशी, माल आलाय, उतरवून घ्या!" आठवडाभरात अख्खा मजला मावशी म्हणायला लागला. मावशी म्हणजे कप विसळणारी, फरशी पुसणारी, कुलूप उघडणारी. बावीस वर्षांची 'बाई' आठवड्यात पुसली गेली. आणि पुसली ती त्याच हाकेनं, जिच्यावर तिचा खराखुरा हक्क होता.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी सरांनी तिला आत बोलावलं होतं.

"तिला कापायला शिकवा. सहा महिन्यांनी तिचं प्रात्यक्षिक आहे. परीक्षक खूश होऊन गेले की कापण्याचं काम तिच्याकडे. तुमचे डोळेही आता... नाही का? आणि टाकीघरात माणूस हवंच आहे. तिथं बारीक काम नाही."

टाकीघर तळघरात. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कुजक्या शेवाळाचा वास, पंपांची घरघर, चोवीस तास ओल. बाईच्या गुडघ्याला तिथं वर्ष काढणंही जड गेलं असतं. पण गुडघ्याचं कोण विचारतं?

"बरं," बाई म्हणाली.

*

चिमटा पेनासारखा धरू नका. मुंगी उचलताय आणि ती जिवंत ठेवायचीय, तसा धरा.

श्वास सोडताना कापा.

मेलीय असं समजून कापू नका. झोपलीय असं समजून कापा.

नाक खाजलं तर थांबा. राग आला तर थांबा. रागाचा हात आपल्याला दिसत नाही, नसेला दिसतो.

(खोलीत दोघी एकमेकींना 'अहो-जाहो' करत. घरी 'तू'.)

*

आता फळीवरच्या बाटल्यांचं. कारण पुढचं सगळं बाटल्यांनी केलं, असं बाई स्वतःला सांगायची.

बाटल्या दोन. एकीवर चिठ्ठी, 'दर्या'. दुसरीवर, 'मीठपाणी'. बाईच्या आधी तिथं जो म्हातारा कापायला होता, त्याच्या हातच्या चिठ्ठ्या. दर्या म्हणजे खोलीतच बनवलेलं समुद्राचं पाणी, सगळे क्षार तोलून घातलेलं. त्यात स्नायू दिवसभर जगतो. मीठपाणी म्हणजे मॅग्नेशियमच्या मिठाचं पाणी, झोपेच्या सुईतलं. त्यात नस मुकी होते. झटका बसतो, नस शहारते, पण तिच्या टोकातून स्नायूसाठीचं रसायन सुटतच नाही. हुकूम निघतो, पोचत नाही. धुऊन काढलं की पुन्हा सगळं सुरळीत.

नव्या माणसाला हे उलटं वाटणार. समुद्राचं पाणी खारट, म्हणजे मीठपाणी तेच, आणि दर्या म्हणजे थेट किनाऱ्यावरून आलेलं, न गाळलेलं काहीतरी. ही चूक जगात दुसरीकडे कुठं होणार नाही. त्या एका फळीपुढेच होईल. सुईत मॅग्नेशियम असतं हे भाचीला पाठ होतं. पण सुया बाई रोज सकाळी टाकीघरातल्या मोठ्या कॅनमधून भरून आणायची. तेच पाणी डोक्यावरच्या बाटलीत आहे, हे भाचीला कळायला मार्ग नव्हता. कुणीतरी सांगणं, हाच मार्ग.

तिसऱ्या दिवशी भाचीनं तिची पूड काढली. तिला ती 'अठ्ठावीस नंबर' म्हणायची. नसेच्या टोकांतून वेगळं काढलेलं एक नवं रसायन. ते स्नायूला काय सांगतं हे शोधायचं, हाच तिचा प्रबंध. पूड तोलली आणि विरघळवायला हात वर करून बाटली घेतली. मीठपाणी.

बाईनं तोंड उघडलं.

सर शेजारी उभे होते. भाची मान न वळवता म्हणाली, "मावशी, जरा चहाचं बघता का? सरांनाही."

बाईनं तोंड मिटलं आणि चहाचं बघितलं.

*

भाचीच्या वहीतून:

नमुना ४. नसेला झटका, स्नायू नीट आवळतो. अठ्ठावीस नंबर घातल्यावर ६१ टक्के घट. धुतल्यावर पूर्ववत.

नमुना ९. ६६ टक्के घट. थेट स्नायूला झटका दिल्यास स्नायू पूर्वीसारखाच आवळतो!! म्हणजे स्नायू ठणठणीत, नस गप्प. सरांना दाखवणे.

नमुना १७. ६४ टक्के. सुंदर.

नमुना १८. सुंदर.

*

सर हरखले. वीस वर्षांत त्यांच्या हाती इतक्या सरळ रेघा लागल्या नव्हत्या. "मुलीनं नसेची जीभ बांधली हो!" असं ते जिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. एकदा त्यांनी विचारलंही, "नुसतं पाणी घालून बघितलंस ना? पूड न घालता?"

"हो सर. पेन तसूभरही खाली आलं नाही."

खरंच आलं नव्हतं. नुसतं पाणी ती कुंडीवरच्या डब्यातून घ्यायची. त्या डब्यात दर्या असायचा, आणि डबा रोज बाई भरायची.

टाकीवाला बाईच्या बाजूचा. एकदा शेवाळाची टोपली ठेवता ठेवता म्हणाला, "तुमची शिष्या म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय. खुर्ची ओढणार बघा तुमच्या खालची."

"तुझ्या टाकीत किती मेल्या आज?"

"दोन."

"मग त्यांचं बघ."

घरी मात्र भाची रोज जेवताना बोलायची. दोन ताटं, मधे एक वाटी, आणि हिची टकळी चालू. "मावशी, गंमत ऐक ना. नस एकाच तोंडानं तीन गोष्टी बोलते. एक रसायन म्हणतं, आवळ. दुसरं त्याच दमात म्हणतं, बेतानं. आणि तिसरं म्हणतं, आवळलंस ना, आता चटकन सोड. नुसतंच आवळ म्हटलं असतं तर गोगलगायीला दुसरा घासच घेता आला नसता. तोंड मिटलेलंच राहिलं असतं."

"तुला ते बेतानंवालं दिलेलं दिसत नाही. जेव आधी."

भाची खळखळून हसली. मग म्हणाली, "ए, प्रात्यक्षिकाच्या दिवशी ती तुटकी खुर्ची बाहेर ठेवूया का गं? परीक्षकांसमोर लाज वाटते. नंतर मी नवीन मागणारच आहे, हातांची."

बाईनं तिला आणखी भात वाढला. अशा वेळी तिच्या आत काहीतरी आवळायचं, आणि सोड म्हणणारं कुणी तिथं नसायचं.

एवढं खरं, की बाईला दर रात्री वाटायचं, उद्या सांगू. महिनाभरात सांगितलं असतं तर मुलीचा महिना गेला असता. दोन महिन्यांनी दोन. जसजसा उशीर होत गेला तसतसं सांगणं महाग होत गेलं, आणि सहाव्या महिन्यात तर सांगणं आणि गळा दाबणं यात फरकच उरला नाही. मग बाईनं वाट बघायचं ठरवलं. वाट बघणं हा तिचा धंदाच होता. सुई टोचल्यावर दहा मिनिटं वाटच बघायची असते.

*

प्रात्यक्षिकाचा दिवस. खुर्ची बाहेर जिन्याजवळ. भाची उभ्यानं कापणार.

सकाळी तिनं विचारलं, "मावशी, मीठपाणी ताजं आहे ना?"

"कालच केलंय."

खोटं आपण एक अक्षर बोललो नाही, असं बाईनं मनाशी म्हटलं.

परीक्षक म्हातारे होते. एका कानानं कमी ऐकणारे, सारखा चष्मा पुसणारे. आवाज इतका मऊ की लहान मुलाला झोपवावं. सर त्यांच्या चांगल्या कानाशी उभे राहून कौतुक ओतत होते. भाचीनं सुई टोचली, पसरली, चिरली. आणि कापलं असं, की बाई ताटलीवर आणखी वाकली. नस आख्खी. एक तंतू इकडचा तिकडं नाही. बाईला स्वतःला बावीस वर्षांनंतरही इतकं स्वच्छ जमलं नसतं, आणि हे त्या खोलीत फक्त बाईला कळत होतं.

दोरा, मशीन, झटका. पेन उडालं. टप, टप, टप. अठ्ठावीस नंबर घातलं. पेन बसत गेलं. धुतलं. पेन पुन्हा उभं राहिलं. सरांनी टाळी वाजवली.

"वा," परीक्षक म्हणाले. "फार सुरेख. आता म्हाताऱ्याच्या समाधानासाठी एवढं एक करा. पूड नको. पूड ज्या पाण्यात विरघळवली, ते पाणी नुसतं घाला. त्याच बाटलीतलं."

भाची हसतच वळली. फळीवरून बाटली काढली, मोजून पाणी घेतलं, घातलं.

टप. टप. ट...

पेन खाली आलं. अर्ध्यावर. तिसऱ्या हिश्श्यावर. तिथंच खुटलं, पूड घातल्यावर खुटायचं तसंच. कागद पुढं सरकत राहिला.

परीक्षकांनी चष्मा पुसला. "धुवा. पुन्हा करा."

धुतलं. पेन उडालं. पाणी घातलं. पेन पडलं.

"ही बाटली कशाची?"

"मीठपाणी. म्हणजे... समुद्राचंच."

त्यांनी बाटलीतला एक थेंब करंगळीवर घेतला, जिभेला लावला, आणि रुमालानं ओठ टिपले. "कडू आहे, बेटा. समुद्र खारट असतो. मॅग्नेशियम कडू असतं." मग सरांकडे वळून, तितक्याच मऊ आवाजात, "सहा महिने ही मुलगी गोगलगायीला झोपवतेय. आणि तुम्हालाही, बहुतेक."

सर आधी पांढरे पडले, मग लाल. "बाटली कोण भरतं?"

"मी," बाई म्हणाली. "बावीस वर्षं. चिठ्ठी वाचूनच भरते."

भाची तिच्याकडे बघत होती. तिचा चेहरा अजून पडायचा होता. नुसता थांबला होता, कुंडीतल्या स्नायूसारखा. मग ती म्हणाली, "मावशी, तू... तुला माहीत होतं? तू सांगितलं का नाहीस?"

"'तू'?" सर म्हणाले.

"सख्खी मावशी आहे ती माझी! सहा महिने एका घरात राहतोय आम्ही, रोज एकत्र जेवतो, आणि ही..."

"तुमच्या फॉर्मवर 'नाही' आहे."

"तिनंच सांगितलं होतं लिहायला!"

सर बाईकडे वळले. परीक्षकांनीही चांगला कान तिकडं केला. बाईनं डाव्या हाताचा मोजा काढला, मग उजव्या. एक मोजा दुसऱ्यात खोचला.

"फॉर्म मी भरलेला नाही, सर."

*

बाटलीची चूक माफ झाली असती. परीक्षकांनी जाता जाता स्वतः म्हटलं, "हात सोन्याचे आहेत पोरीचे. सहा महिने वाढवून द्या, नव्यानं करू दे." फॉर्मची चूक माफ झाली नाही. खोटी माहिती देऊन मिळवलेली जागा आठ दिवसांत रद्द झाली. त्या कागदावर अठ्ठावीस नंबरचा उल्लेखही नव्हता.

सरांनी बाईलाही फैलावर घेतलं. भिंती थरथरतील असं. पण शेवटी श्वास घ्यायला थांबले आणि म्हणाले, "आता कापायला दुसरं कोण आहे? बसा." टाकीवाल्यानं जिन्याजवळची खुर्ची उचलून आत आणली.

भाचीनं बॅग भरली. मागच्या खोलीच्या दारात उभी राहून तिनं विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"आणि बघत बसलीस."

"तू विचारलं नाहीस."

भाची डोळे बारीक करून काहीतरी आठवायला लागली. "मी... एकदा विचारलं होतं. नाही का? मला वाटतं विचारलं होतं."

"नाही विचारलंस."

"नक्की?"

"असलं मी विसरेन होय?"

भाचीनं मान हलवली. तिला ते पटलं. बॅगेची चेन लावताना ती स्वतःशीच म्हणाली, "गाढव आहे मी. साधं विचारायचं सुचलं नाही."

दोन दिवसांनी बहिणीचा फोन आला. भांडेल असं वाटलं होतं. ती रडत होती. "तुला कशाला बोल लावू? पोरगीच म्हणते, चूक माझी, मी विचारायला हवं होतं. सारखं तेच घोकते. जेवत नाही. हात असे धरून बसते गं, चिमटा धरल्यासारखे." मग नाक ओढून, "तू सांभाळलंस एवढे दिवस, ते काय कमी आहे?"

"औषध दे तिला झोपेचं," बाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं तीन गोगलगायी कापल्या. तिन्ही नसा अखंड. पेन दिवसभर उडत होतं. सर जाताना दारात थांबले. "मावशी, आज आपलं छान झालं."

बाईनं ताटली उचलली, उरलेलं मांस बादलीत लोटलं, टाचण्या मोजून डबीत ठेवल्या. सगळ्या होत्या. मग दिवा बंद केला.

*

भाची आली त्याच्या दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी, घरी, ताटं विसळताना तिनं विचारलं होतं, "मावशी, मीठपाणी म्हणजे आपलं समुद्राचंच ना गं?" आणि बाई म्हणाली होती, "हो."